संहिता, काळ आणि शरीर : पात्रिस शेरो यांची रंगभूमी

१

दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा विचार करू लागताच समीक्षेपुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. कवीची कविता किंवा कादंबरीकाराची कादंबरी वाचकाच्या हाती असते. तिच्याकडे पुन्हापुन्हा परतता येते. दिग्दर्शकाची कृती मात्र प्रयोगाबरोबर संपते. मागे राहतात ती छायाचित्रे, टिपणे, परीक्षणे आणि क्वचित एखादे चित्रण. शिवाय जे रंगमंचावर घडले त्यातली संहिता नाटककाराची असते, आवाज आणि शरीर नटाचे असते, नेपथ्य नेपथ्यकाराचे असते. या सर्वांतून वजाबाकी करीत गेले, तर दिग्दर्शकाचे म्हणून नेमके काय शिल्लक राहते?

ऑपेराच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. नाटकाच्या दिग्दर्शकाकडे निदान काळ तरी असतो. वाक्य किती लांबवायचे, दोन वाक्यांमध्ये किती वेळ थांबायचे, नायकाला दारापासून खुर्चीपर्यंत पोहोचायला किती अवधी द्यायचा, हे तो नटाबरोबर तालमीत ठरवतो. ऑपेरात हे सारे संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेले असते. मराठी वाचकाला ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण त्याच्या मनात संगीत आणि नाटक यांची जी सांगड आहे ती संगीत नाटकाची आहे. तिथे गायकनट पद रंगवू शकतो, फिरत वाढवू शकतो आणि ‘वन्समोअर’ आला की कथानकाचा काळ खुशाल थांबवून मागे नेऊ शकतो. ऑपेराच्या स्वरसंहितेत असा मोकळा अवकाश फार थोडा असतो. शांततासुद्धा तिथे मात्रा मोजून लिहिलेली असते, आणि गतीचे जे थोडे स्वातंत्र्य उरते ते वाद्यवृंदाच्या संचालकाकडे जाते.

फ्रेंच दिग्दर्शक पात्रिस शेरो (१९४४–२०१३) यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण असे, की ती या दोन्ही काळव्यवस्थांमध्ये सारख्याच गांभीर्याने घडली. नाटकातून ऑपेराकडे फेरफटका मारून येणारे दिग्दर्शक पुष्कळ झाले. शेरो यांच्याबाबतीत मात्र ऑपेराने नाटकाला आणि नाटकाने ऑपेराला सतत प्रश्न विचारले. दिग्दर्शक हा लेखक की वाचक, या साहित्यसिद्धान्ताच्या जुन्या प्रश्नाला त्यांच्या कामातून जे उत्तर मिळते ते सरळ नाही. पण ते अनुभवाच्या कसोटीवर उतरलेले आहे.

२

शेरो यांचे आईवडील चित्रकलेच्या क्षेत्रातले होते. चित्र पाहण्याची सवय त्यांना लहानपणी लागली, आणि ते स्वतःही रेखाटने करीत. पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या शाळेच्या नाट्यमंडळात त्यांनी दिग्दर्शनाला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते. १९६६ साली पॅरिसजवळच्या सार्त्रुव्हिल या उपनगरातील नाट्यगृह त्यांच्या हाती आले. लेंत्स या अठराव्या शतकातल्या जर्मन नाटककाराच्या ‘सैनिक’ या नाटकाच्या प्रयोगाने १९६७ मध्ये त्यांचे नाव झाले. मात्र सामान्य जनतेपर्यंत उत्तम नाटक नेण्याच्या त्या काळच्या फ्रेंच स्वप्नाचा हिशेब सार्त्रुव्हिलमध्ये जुळला नाही. १९६९ मध्ये ते नाट्यगृह कर्जात बुडाले आणि शेरो तिथून बाहेर पडले. पंचविशीपूर्वीच एक संस्था चालवून ती बुडताना पाहिलेला हा माणूस पुढे संस्थांकडे कधीही भाबडेपणाने पाहू शकला नाही.

त्यानंतरचा काही काळ त्यांनी इटलीत, मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोत काम करण्यात घालवला. जॉर्जो स्ट्रेलर यांनी पावलो ग्रासी यांच्यासह घडवलेली ही संस्था. ब्रेख्तचा विचार आणि प्रकाशाचे, रंगाचे, दृश्याचे इटालियन सौंदर्य यांचा मेळ तिथे घातला गेला होता. शेरो यांनी आपल्या गुरूंमध्ये स्ट्रेलर यांना नेहमीच मानाचे स्थान दिले. नेपथ्यकार रिशार पेदुझी यांची आणि त्यांची जोडी याच काळात पक्की झाली. ती शेवटपर्यंत टिकली. पेदुझी यांच्या उंच, उघड्या, जवळजवळ निर्विकार भिंतींसमोर माणसे लहान दिसत, आणि तरीही त्या भिंतींमुळेच त्यांची प्रत्येक हालचाल ठळक होई.

१९७२ मध्ये रोजे प्लाँशों यांच्यासमवेत शेरो व्हिलरबानच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाचे संचालक झाले. तिथले पहिले नाटक मार्लोचे ‘पॅरिसमधील हत्याकांड’. त्यात रंगमंच पाण्याने भरला होता. १९७३ मध्ये त्यांनी मारिव्होची ‘वाद’ ही १७४४ ची एकांकिका केली. स्त्री आधी बेइमान झाली की पुरुष, हे ठरवण्यासाठी जन्मापासून जगापासून तोडून वाढवलेल्या चार मुलामुलींना एकमेकांसमोर आणण्याचा क्रूर खेळ तीत आहे. फ्रेंच परंपरेत मारिव्हो म्हणजे नाजूक, खेळकर संवादांचा लेखक. शेरो यांनी फ्रांस्वा रन्यो यांच्याकडून प्रास्ताविक लिहून घेतले, मोझार्टचे संगीत योजले आणि या छोट्या कृतीला पूर्ण रात्रीच्या प्रयोगाचे रूप दिले. मधल्या शांतता लांबवल्या, खेळकरपणातली हिंसा वर आणली. नाट्यसंहितेत दडलेला काळ दिग्दर्शक किती ताणू शकतो, याचे हे ठळक उदाहरण. इथे दिग्दर्शकाच्या हाती काळाची मालकी होती, आणि शेरो यांनी ती पुरेपूर वापरली. तीन वर्षांनी ती त्यांच्या हातून पूर्णपणे काढून घेतली जाणार होती.

३

१९७६ हे वाग्नरच्या ‘निबेलुंगची अंगठी’ या चार भागांच्या महाकृतीचे शताब्दी वर्ष. १८७६ मध्ये बायरॉइट येथे, वाग्नरने स्वतःच्या कृतींसाठीच बांधून घेतलेल्या नाट्यगृहात तिचा पहिला संपूर्ण प्रयोग झाला होता. शताब्दीचे संगीतसंचालन फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांच्याकडे होते, आणि त्यांनीच शेरो यांचे नाव सुचवले. तोवर शेरो यांनी केवळ दोन ऑपेरा केले होते : १९६९ मध्ये रोसिनीचा एक आणि १९७४ मध्ये ओफेनबाखचा एक. वय एकतीस.

लेखकाच्या अधिसत्तेच्या दृष्टीने बायरॉइटइतके कडेकोट ठिकाण युरोपीय रंगभूमीवर दुसरे नसेल. शब्द वाग्नरचे, संगीत वाग्नरचे, रंगसूचना वाग्नरच्या, नाट्यगृह वाग्नरचे आणि महोत्सवाचे प्रमुख त्याचे नातू वोल्फगांग वाग्नर. अशा ठिकाणी शेरो आणि पेदुझी यांनी ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत प्रकल्पाचे धरण उभे केले. नदीच्या कन्या वेश्यांसारख्या दिसू लागल्या, देवांचा राजा वोटान एकोणिसाव्या शतकातील धनिकाच्या लांब कोटात आला, आणि सीगफ्रीडची तलवार यांत्रिक हातोड्याखाली घडली. पहिल्या वर्षी प्रेक्षागृहात शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, विरोधाची पत्रके वाटली गेली, वाद्यवृंदातल्या काही वादकांनीही उघड नाराजी दाखवली. आरोप एकच होता : संहितेशी द्रोह.

हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. वाग्नरने या कृतीचे काम १८४८ मध्ये सुरू केले आणि १८७४ मध्ये संपवले. मधल्या काळात ड्रेस्डेनच्या १८४९ च्या उठावात तो सामील झाला आणि परागंदा झाला. सोने, करार, मजुरी आणि सत्ता यांची ही कथा भांडवलशाहीच्या उदयाशी जोडून वाचण्याचा मार्ग बर्नार्ड शॉने १८९८ मध्येच दाखवला होता. म्हणजे धरण आणि कारखाना या बाहेरून लादलेल्या वस्तू नव्हत्या; ते वाग्नरचे स्वतःचे शतक होते. शेरो यांनी पुराणकथेचा अनादि काळ बाजूला सारून कृतीच्या लेखनाचा काळ रंगमंचावर आणला. संगीताने दिलेला काळ त्यांना बदलता येत नव्हता, आणि बदलायचाही नव्हता. त्यांनी त्या काळासमोर दुसरा काळ ठेवला : इतिहासाचा.

मात्र या प्रयोगाचे खरे महत्त्व धरणात आणि कोटात शोधणे ही समीक्षेची गफलत ठरेल. पोशाख बदलून आधुनिकता आणणारे प्रयोग पुढे जर्मन रंगभूमीवर शेकड्यांनी झाले. त्यातले बहुतेक विस्मरणात गेले. शेरो यांच्या प्रयोगाचे मर्म माणसांमधल्या अंतरात आहे. ‘वाल्किरी’च्या दुसऱ्या अंकाच्या अखेरीस वोटान आपल्याच मुलाचा, सीगमुंडचा, मृत्यू घडवून आणतो. तो भाल्याने मुलाची तलवार मोडतो आणि शत्रूचा वार मुलाच्या देहात शिरतो. शेरो यांच्या प्रयोगात पुढच्याच क्षणी वोटान कोसळणाऱ्या मुलाला मिठीत घेतो, आणि मरता मरता मुलगा बापाचा चेहरा पाहतो. संहितेत ही मिठी लिहिलेली नाही. पण संगीतात त्या क्षणासाठी जेवढा अवधी आहे तेवढ्यातच ती घडते; एक मात्राही जास्त मागत नाही. इथे समजते, की संगीतकाराने काळ लिहिला असला तरी त्या काळात शरीराने काय करावे हे पूर्णपणे लिहिणे त्याला शक्य नव्हते. रोमान इंगार्डेन यांनी साहित्यकृतीतील ‘अनिश्चिततेच्या जागां’विषयी जे मांडले ते स्वरसंहितेला लावून पाहिले तर दिसते, की तिच्यातल्या अशा जागा काळात कमी आणि शरीरात अमाप असतात. शेरो तिथे काम करीत होते.

याचा एक विलक्षण दाखला प्रयोगाच्या इतिहासातच आहे. १९७७ मध्ये सीगफ्रीडची भूमिका करणारे गायक रेने कोलो यांचा पाय मोडला. कोलो बाजूला उभे राहून गायले, आणि रंगमंचावर सीगफ्रीडचे शरीर म्हणून स्वतः शेरो वावरले. आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा. अडचणीतून काढलेला हा तोडगा होता. पण ऑपेराच्या दिग्दर्शकाचे नेमके क्षेत्र कोणते, हे त्याने कोणत्याही सिद्धान्तापेक्षा स्पष्ट करून दाखवले. काळ आणि स्वर दुसऱ्याचे. त्यांच्या आत राहून हलणारे शरीर तेवढे दिग्दर्शकाचे.

शेरो दरवर्षी प्रयोग बदलत राहिले. ब्र्यूनहिल्डच्या खडकाचे दृश्य दुसऱ्या वर्षी नव्याने, ब्यॉकलिनच्या ‘मृतांचे बेट’ या चित्राची आठवण देणारे, बांधले गेले. ‘देवतांचा अस्त’च्या शेवटी आगीकडे पाहणारा जमाव हळूहळू वळून प्रेक्षकांकडे पाहू लागे. वाद्यवृंदाचे अखेरचे सूर चालू असताना रंगमंचावरची माणसे प्रेक्षागृहातल्या माणसांना न्याहाळत राहत. अन्वयार्थाचे ओझे अशा रीतीने प्रेक्षकाच्या हाती सोपवले जाई. १९८० च्या अखेरच्या प्रयोगाला टाळ्यांचा गजर तासाहून अधिक चालला. चार वर्षांपूर्वी ज्याला द्रोह म्हटले गेले, तेच आता वाग्नरच्या प्रयोगपरंपरेचा मानदंड ठरू लागले होते. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या चित्रणामुळे तो जगभर पोहोचला.

४

एकच साहित्यवस्तू नाटकात आणि ऑपेरात अशी दोनदा वाचण्याची संधी थोड्या दिग्दर्शकांना मिळते. शेरो यांना ती ‘लुलू’ने दिली. वेडेकिंडच्या लुलूविषयक नाटकांचा प्रयोग त्यांनी १९७२ मध्ये मिलानला केला होता. त्यानंतर सात वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९७९ रोजी, पॅरिस ऑपेरात त्याच नाटकांवर आधारलेला आल्बान बर्गचा ऑपेरा त्यांनी सादर केला. संचालन पुन्हा बुलेझ यांचे. बर्ग १९३५ मध्ये मरण पावला तेव्हा तिसऱ्या अंकाचे वाद्यलेखन अपुरे होते. त्याच्या पत्नीने तो अंक कुणालाही पूर्ण करू दिला नाही. १९७६ मध्ये तिचे निधन झाल्यावर फ्रीडरिश सेर्हा यांनी सिद्ध केलेली पूर्ण संहिता रंगमंचावर येऊ शकली. म्हणजे या प्रयोगामागेही मृत लेखक आणि त्याच्या हस्तलिखितावरील हक्क यांचा प्रश्न उभा होताच.

वेडेकिंडच्या नाटकात काळ सैल आहे. प्रहसन, भयनाट्य आणि सर्कस यांच्यामध्ये तो धडपडत चालतो. बर्गने त्याला कठोर सममितीत बांधले. लुलूच्या हातून ज्यांचा नाश झाला ते पुरुष शेवटी तिचे गिऱ्हाईक होऊन परततात, आणि बर्गच्या सूचनेनुसार तेच गायक त्या भूमिका करतात. डॉक्टर श्योन आणि खुनी जॅक ही एकाच गायकाची दोन रूपे. पॅरिसमध्ये ती फ्रान्त्स माझुरा यांनी केली. लुलू होत्या तेरेझा स्ट्रॅटस. अशा संरचनेत दिग्दर्शकाला करण्यासारखे काय राहते? शेरो यांनी कथा वेडेकिंडच्या काळातून काढून १९३० च्या दशकात, म्हणजे बर्ग ही संहिता लिहीत होता त्या दशकात आणली. पेदुझींचे भव्य, थंड नेपथ्य युरोपावर येऊ घातलेल्या सत्तांची आठवण देत होते. बायरॉइटचीच ही रीत : कथेचा काळ सोडायचा आणि संहिता लिहिली गेली त्या काळाशी तिची गाठ घालायची. शेवटचा प्रवेश संहितेतल्या माळ्याऐवजी तळघरातल्या सार्वजनिक शौचालयात घडला. बर्गच्या अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतले, आणि ते निराधार म्हणता येत नाहीत. ज्या अंकाची जगाने चव्वेचाळीस वर्षे वाट पाहिली तो पहिल्यांदाच दिसताना लेखकाने सांगितलेल्या ठिकाणी दिसू नये, ही तक्रार समजण्यासारखी आहे. आधी पाठ, मग भाष्य, हा क्रम पाठचिकित्सेला स्वाभाविक वाटतो. रंगभूमीवर मात्र भाष्यावाचून पाठ कधी दिसतच नाही.

शेरो यांच्या कारकिर्दीत अशा पुनर्वाचनांची एक साखळीच आहे. १९७२ च्या मार्लोच्या हत्याकांडाकडे ते १९९४ मध्ये ‘राणी मार्गो’ या चित्रपटातून परतले. ज्या शरीरांमधून रंगमंचावर पाणी वाहिले होते त्यांच्यामधून आता पडद्यावर रक्त वाहिले. वाचन एकदा संपत नाही, हे ज्याला मनापासून मान्य असते त्याचीच कारकीर्द अशी मागे वळत पुढे जाते.

५

आतापर्यंतचे लेखक मृत होते. वाग्नर, बर्ग, मारिव्हो यांच्याशी दिग्दर्शकाचा व्यवहार एकतर्फी असतो. ते उलट उत्तर देत नाहीत. १९८२ ते १९९० या काळात शेरो यांनी पॅरिसलगतच्या नाँतेर येथील आमांदिये नाट्यगृह चालवले, आणि तिथे त्यांच्या आयुष्यात एक जिवंत लेखक आला : बेर्नार-मारी कोल्तेस. १९८३ मध्ये ‘काळ्या माणसाची आणि कुत्र्यांची झुंज’पासून सुरू झालेली ही साथ पुढची सहा वर्षे चालली. कोल्तेस यांना फ्रेंच रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः शेरो यांच्या प्रयोगांमुळे. तरीही दोघांची रंगभूमीची कल्पना एक नव्हती, आणि ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

१९८७ मध्ये ‘कापसाच्या शेतांच्या एकांतात’ हे नाटक रंगमंचावर आले. संध्याकाळच्या निर्मनुष्य जागी दोन माणसे भेटतात : विकणारा आणि घेणारा. काय विकायचे आहे, काय हवे आहे, हे अखेरपर्यंत कोणी सांगत नाही. लांबलचक, अठराव्या शतकाच्या गद्याची आठवण देणाऱ्या भाषणांतून वासना, भीती आणि हिंसा एकमेकींना जोखत राहतात. विकणारा कृष्णवर्णीय नटानेच करावा, असा कोल्तेस यांचा आग्रह होता, आणि पहिल्या प्रयोगांत ती भूमिका इसाक द बांकोले यांनी केली. पुढच्या प्रयोगांत मात्र ती स्वतः शेरो यांनी केली. कोल्तेस यांना हे मान्य नव्हते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

हा वाद नट बदलल्याचा किरकोळ वाद नव्हता. वाग्नरने काळ लिहिला होता आणि शरीर मोकळे सोडले होते; शेरो त्या मोकळ्या जागेत शिरले. कोल्तेस यांनी मात्र शरीरच लिहिले होते. विकणाऱ्याच्या वर्णाचा उल्लेख संवादांत जवळजवळ नाही. पण घेणाऱ्यासमोर कोणत्या देहाने उभे राहायचे हे लेखकाच्या लेखी अर्थाचा कणा होते. युरोपीय रंगमंचावर दोन माणसे समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्या देहांना वसाहतींचा इतिहास चिकटलेला असतो, आणि तो शब्दांत न आणता दिसू द्यायचा होता. ज्या दिग्दर्शकाने शरीर हेच आपले क्षेत्र मानले होते, त्याला इथे त्या क्षेत्राचा आधीचा मालक भेटला.

१५ एप्रिल १९८९ रोजी कोल्तेस एड्सने मरण पावले, वय एक्केचाळीस. रोलां बार्थ यांनी ‘लेखकाचा मृत्यू’ जाहीर केल्याला तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. साहित्यसिद्धान्तात हा मृत्यू रूपकात्मक असतो आणि तो वाचकाच्या जन्माची किंमत म्हणून आनंदाने स्वीकारला जातो. इथे एक खराखुरा मृत्यू होता, आणि त्याने वाचकाला मुक्त केले असे म्हणताना शब्द अडखळतात.

१९९५ मध्ये शेरो यांनी तेच नाटक पुन्हा केले. घेणारा पास्काल ग्रेगोरी आणि विकणारा पुन्हा शेरो. प्रेक्षक समोरासमोर दोन बाजूंना आणि मधल्या लांब पट्ट्यात ही दोन माणसे. वर्णाचा प्रश्न मागे गेला. एकमेकांना हवे असण्याची लाज आणि त्यातली क्रूरता पुढे आली. हा प्रयोग शेरो यांच्या श्रेष्ठ प्रयोगांपैकी एक मानला जातो, आणि ती प्रशंसा अनाठायी नाही. पण या वेळी नकार देणारा लेखक हयात नव्हता. प्रयोगाची श्रेष्ठता आणि लेखकाची डावललेली इच्छा या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडून निघत नाही. श्रेष्ठतेच्या आधारे इच्छेची उपेक्षा समर्थनीय ठरवणे सोपे आहे, आणि इच्छेच्या आधारे श्रेष्ठता नाकारणेही तितकेच सोपे आहे. वाचकाच्या स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडताना त्या स्वातंत्र्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोल्तेस यांच्या बाबतीत तो विचारावाच लागतो.

६

उत्तरायुष्यात शेरो अधिकाधिक अक्षरशः वाचक होत गेले. दस्तयेव्हस्कीचे ‘महान धर्मपरीक्षक’ हे प्रकरण किंवा पिएर ग्युयोता यांचे ‘कोमा’ हातात घेऊन ते एकटे रंगमंचावर येत आणि वाचत. २००३ मध्ये त्यांनी रासीनचे ‘फेद्र’ केले. प्रेक्षक पुन्हा दोन बाजूंना. रासीनची बारा अक्षरांची ओळ म्हणजे नाटकातली स्वरसंहिताच. तिच्या लयीला धक्का न लावता तिच्या आत श्वास, घाम आणि भीती कशी ठेवायची, हे ऑपेराने त्यांना शिकवले होते. ‘वाद’मध्ये काळ ताणणारा दिग्दर्शक आता दिलेल्या काळातच राहू लागला होता. २०१० मध्ये लूव्ह्र संग्रहालयाने त्यांना निमंत्रित केले तेव्हा त्यांनी आपल्या प्रदर्शनाला नाव दिले ‘चेहरे आणि शरीरे’.

२००७ मध्ये बुलेझ यांच्यासमवेत त्यांनी यानाचेकचा अखेरचा ऑपेरा ‘मृतांच्या घरातून’ सादर केला. दस्तयेव्हस्कीच्या सैबेरियातील तुरुंगाची ही कथा. नायक नाही, कथानक नाही, प्रेमकथा नाही. एकामागून एक कैदी पुढे येऊन आपला गुन्हा सांगतो आणि पुन्हा गर्दीत मिसळतो. शेरो यांनी समूहातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शरीर दिले. एक कैदी गात असताना बाकीचे काय करीत आहेत, कोण ऐकतो आहे आणि कोण ऐकण्याचे टाळतो आहे, यातच नाटक होते. दोन अंकांच्या सांध्यावर छतातून कचऱ्याचा आणि कागदांचा प्रचंड लोट कोसळे, आणि पुढचा अंक तो गोळा करण्यात जाई.

जुलै २०१३ मध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या महोत्सवात त्यांनी श्ट्राउस आणि होफमान्स्थाल यांचा ‘एलेक्ट्रा’ केला. परंपरेने राक्षसी रंगवल्या जाणाऱ्या क्लितेम्नेस्त्रेला त्यांनी झोप हरवलेली, मुलीशी बोलू पाहणारी आई केले. संहितेनुसार एलेक्ट्रा विजयनृत्यानंतर कोसळून मरते. इथे ती मरत नाही, निश्चल बसून राहते. सूड पूर्ण झाल्यावर जगण्यासारखे काही उरले नाही, हे मरणापेक्षा त्या बसण्यातून अधिक कळते. छोट्या भूमिकांत दोन वृद्ध गायक होते. ओरेस्तेसचा पालक झाले होते एकोणनव्वद वर्षांचे फ्रान्त्स माझुरा, म्हणजे १९७९ चे डॉक्टर श्योन. म्हातारा नोकर होते डोनाल्ड मॅकइन्टायर, म्हणजे सीगमुंडला मिठीत घेणारा १९७६ चा वोटान. त्यांच्या वाट्याला गायला थोडेच होते. पण त्यांच्या चालण्यात, थांबण्यात जवळजवळ चार दशकांचे काम साठलेले होते. दिग्दर्शकाची कृती कुठे टिकते, या प्रश्नाचे एक उत्तर त्या दोन शरीरांत होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, ७ ऑक्टोबर २०१३ रोजी, शेरो यांचे पॅरिस येथे निधन झाले. ‘एलेक्ट्रा’ मात्र थांबला नाही. २०१४ मध्ये तो मिलानला आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. ‘मृतांच्या घरातून’ २०१७ मध्ये पॅरिसला झाला. त्यांच्या सहायकांनी टिपणे, चित्रणे आणि आठवणी यांच्या आधारे हे प्रयोग नव्या गायकांकडून बसवून घेतले. म्हणजे जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या संहितांचा वाचक होता, त्याचे वाचन आता स्वतःच संहिता झाले आहे. एलेक्ट्राने कधी बसायचे, क्लितेम्नेस्त्रेने मुलीच्या किती जवळ जायचे, हे आता दिलेले आहे. नवा गायक नवे शरीर घेऊन येतो आणि त्याला प्रश्न पडतो : इथे शेरो यांना काय अभिप्रेत होते? विचारायला ते नाहीत. कोल्तेस यांना विचारता येत नव्हते, तसेच.

१९७६ मध्ये शेरो यांनी वाग्नरला जे स्वातंत्र्य मागितले होते, ते आता कुणीतरी शेरो यांच्याकडे मागणार. एखादी गायिका म्हणेल, माझ्या शरीराला हे बसणे खोटे वाटते, मला उभे राहायचे आहे. तालमीच्या खोलीत अशा वेळी जो दिग्दर्शक समोर असेल त्याच्या हाती सिद्धान्त फारसा लागणार नाही. त्याला आधी स्वरसंहिता उघडून त्या जागी संगीताने किती अवधी दिला आहे ते मोजावे लागेल, आणि मग त्या गायिकेकडे पाहावे लागेल.